टाकीच्या सावलीची मोहीम

पूर्वी भूमंडळी राजे होते, तेव्हा बखरी राजांच्या लिहिल्या गेल्या. पुढे राजे गेले, तख्ते फुटली, तोफा गंजून शाळेच्या सहलींस दाखविण्याजोग्या जाहल्या, परंतु कारभार काही थांबला नाही. राज्यांचे विभाग जाहले आणि राजांचे विभागप्रमुख जाहले, आणि मान, अपमान, रुसवे, फितुरी व मसलती पूर्वीपेक्षा दुणावल्या. सबब बखरकारास विषय उरला नाही ऐसे कोणी म्हणेल, तर त्याने एकवार महाविद्यालयाच्या कचेरीत अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज घेऊन जावे. ज्याने पुसिले त्यास सांगावे, आणि न पुसिले त्यास बसवून सांगावे, ऐसा आमचा शिरस्ता. त्यास अनुसरून एका अंगणाचे वर्तमान यथास्थित लिहितो. यात पदरचे तिळमात्र घातले नाही. जे घातले ते तिळाहून मोठे आहे.

तर लँडस्केप आर्किटेक्चर ऐसी एक विद्या आहे. इमारत सोडून भोवताली जे जे उरते ते सर्व या विद्येच्या अमलाखाली येते: झाड, झुडूप, वाट, बाक, उतार, पाणी आणि पाण्याचा निचरा. सामान्य जन या विद्येच्या पंडितास भेटले म्हणजे "बागकाम का?" ऐसे पुसतात, आणि पंडित क्रोधे लाल होऊन भूमी, मानव आणि अवकाश यांच्या नात्यावर दीर्घ व्याख्यान देतात, आणि व्याख्यान सरल्यावर ते जन म्हणतात, "हां, म्हणजे बागकामच." मग पंडितास तीन दिवस अन्न गोड लागत नाही. ऐसी या विद्येची थोरवी.

या विद्येचे एक ठाणे होते. तीन मजली इमारत, आत नकाशांची लांब मेजे, भिंतींवर दूरदेशीच्या उद्यानांच्या तसबिरी, आणि समोर विस्तीर्ण अंगण. त्या अंगणाची कळा काय वर्णावी! फरशी उखडलेली, ऊन रणरणते, एका कडेस मोडकी बाके एकावर एक रचलेली, दुसऱ्या कडेस लोखंडी खांबांवर पाण्याची थोरली टाकी. झाड म्हणाल तर एक नाही. उद्यानविद्येची पताका ज्या वास्तूवर फडकते तिचेच अंगण ऐसे उजाड का, हा प्रश्न नवख्यास पडे, आणि जुना जाणता त्यास गप्प बसवी.

कारण ऐसे की, पहिल्या वर्षाच्या शागिर्दांस पहिला धडा याच अंगणाचा देण्याची वहिवाट होती. शागिर्दांनी फीत धरून अंगण मोजावे, नकाशा करावा, आणि कागदावर त्याचे नंदनवन करून दाखवावे. दरसाल नवे शागीर्द आणि दरसाल नवी नंदनवने. नंदनवनांनी कपाटे भरली, मग कपाटांचे माथे भरले, मग वरच्या मजल्यावरील एका स्वच्छतागृहास कुलूप घालून तेही नंदनवनांनी भरले, आणि गरजवंत खालच्या मजल्यावर रांग लावते जाहले. कोणी धाडस करून पुसिले की यांतील एखादे नंदनवन खरोखर का करू नये, तर विभागप्रमुखांचा हुकूम सुटे, की जागा सुधारली तर पुढल्या साली पोरांनी सुधारावे काय? या हुकुमापुढे कोणाची मात्रा चालत नसे. अंगण नापास राही, म्हणून पोरे पास होत.

विभागप्रमुखांस थोरले सरकार म्हणत. हे मोठे मातबर गृहस्थ. याच अंगणावर त्यांनी 'रिकाम्या जागेचे मौन' ऐसा निबंध रचिला होता, आणि तो निबंध कधी आखूड करून, कधी लांबवून, कधी मधोमध कापून दोन करून ते देशोदेशीच्या परिषदांस जात, आणि उखडल्या फरशीच्या तसबिरी पडद्यावर दाखवून टाळ्या घेत. अंगणात गवताची काडी उगवली तर निबंधास बाध येईल, या धास्तीने त्यांनी दरबारी माळ्यास टपाल वाटण्याच्या कामी लाविले होते. माळ्याचे पद मंजूर होते, बाग मंजूर नव्हती. माळी या व्यवस्थेवर बेहद्द खूश असे, आणि कोठे बागेची वार्ता निघाली की तो टपालाची पिशवी उचलून चालू लागे.

याच ठाण्यात एक सरदारीण होत्या. त्यांस शागीर्द सावलीबाई म्हणत. बाईंनी उभी हयात सावलीच्या संशोधनात घालविली. परंतु अंगणात झाड नाही, मग सावली आणावी कोठून? तेव्हा त्यांनी पाण्याच्या टाकीची सावली धरिली. हिवाळ्यात ती कोठे पडते, उन्हाळ्यात कोठवर सरकते, सकाळी कैसी लांबते, दुपारी कैसी आखडते, हे खडूने फरशीवर आखून आखून त्यांनी ग्रंथ सिद्ध केला, आणि त्या ग्रंथावर त्यांस डॉक्टर ही पदवी प्राप्त जाहली. परीक्षकांनी पुसिले होते की ग्रंथ झाडांच्या सावलीचा म्हणविता, मग यात झाड कोठे आहे? बाई उत्तरल्या की झाडाची परवानगी आली की पुरवणी जोडीन. परीक्षक हसले आणि बाईही हसल्या, परंतु बाईंचे हसणे मनापासून नव्हते.

कारण खरे दुःख तेथेच होते. खड्डा किती खोल घ्यावा, मुळांचा गुंता कैसा सोडवावा, आळे कैसे करावे, आधाराची काठी कोणत्या अंगास रोवावी, हे सर्व बाईंनी फळ्यावर शिकविले, आणि त्यावर प्रश्न काढिले, आणि चुकले त्यांचे गुण कापिले. त्यांचे शागीर्द दूरदेशी जाऊन वने उभारिते जाहले. खुद्द बाईंनी मात्र जमिनीत एक रोप लाविले नव्हते. राहायला चौथ्या मजल्यावर, आणि नोकरीस या अंगणी. दरसाल त्या अर्ज करीत की अंगणाच्या एका कोपऱ्यात एक झाड लावू द्यावे, आणि थोरले सरकार अर्जावर "पाहू" ऐसा शेरा मारून अर्ज फडताळात टाकीत. तो शेरा त्यांनी इतकी वर्षे मारिला की पुढे पुढे तो न पाहताच मारू लागले.

बाईंचे यजमान दंतवैद्य होते. एके दिवशी जेवताना ते सहज बोलून गेले, ते जैसे बोलले तैसे लिहितो. "मी बघ, कुणाला काही शिकवलं नाही, पण लोकांच्या तोंडात दात बसवले. तू आयुष्यभर शिकवलंस, पण एक झाड नाही गं बसवलंस कुठे." यजमानांचा हेतू थट्टेचा होता आणि त्यांनी पुढे भाजीही मागून घेतली. परंतु ते बोल बाईंस लागले, आणि फार लागले. सेवानिवृत्ती तोंडावर आली होती. बाईंनी मनाशी पण केला की निवृत्त होण्याआधी या अंगणात एक झाड, मातीत, आपल्या हाताने. बखरीचे मूळ ते हेच.

ऐसियात वार्ता आली की विद्यापीठाकडून मूल्यमापन समिती तपासणीस येते आहे. समिती म्हणजे काय, हे ज्यांनी भोगिले त्यांस सांगणे नलगे. भिंती रंगू लागल्या, बंद घड्याळे चालू लागली, आणि ज्यांनी एकमेकांचे तोंड पाहणे वर्ज्य केले होते ते पंडित एका मेजाशी बसून एकमेकांच्या ग्रंथांची स्तुती लिहू लागले. समितीस आगाऊ अहवाल धाडावयाचा होता आणि त्यात 'परिसराची सद्यस्थिती' ऐसे एक प्रकरण होते, चित्रासहित. ते चित्र करण्याची कामगिरी रंगराव नामे तरुण प्राध्यापकावर पडली.

रंगराव हे संगणकावर चित्रे रंगविण्यात अद्वितीय. त्यांची पांढरी पादत्राणे प्रसिद्ध होती. परंतु या विद्येची एक खोड आहे, ती येथे सांगणे अवश्य. या विद्येचे लोक कागदावर झाड काढतात ते आजचे काढीत नाहीत, वीस वर्षांनी जैसे होईल तैसे काढतात. रोप वीतभर असो, नकाशावर त्याचे हिरवे वर्तुळ अर्धे अंगण व्यापते. पहिल्या वर्षीच ही सवय हाडी खिळते आणि मग डोळ्यांस आजचे दिसेनासे होते. रंगरावांनी जन्मात आजचे चित्र काढिले नव्हते. त्यांनी सवयीने एक जुने नंदनवन काढिले, त्यात घनदाट वृक्ष भरिले, वृक्षांखाली बाके मांडिली, एका बाकावर हाती फुगा घेतलेली मुलगी बसविली, शेजारी एक विलायती कुत्रे उभे केले, आकाशी सात पक्षी सोडिले, आणि ते 'सद्यस्थिती' म्हणून अहवालात डकविले. थोरल्या सरकारांनी ते पाहिले, सावलीबाईंनी पाहिले, तमाम विभागाने पाहिले. कोणासही काही खटकले नाही. एकट्या सावलीबाईंनी इतकेच म्हटले की कुत्र्याची सावली उलट्या बाजूस पडली आहे.

काही दिवसांनी समितीचा खलिता आला. त्यात लिहिले होते की आपले वृक्षाच्छादित अंगण पाहून परम संतोष जाहला. आमच्या अध्यक्षांचे गुडघे वाताने धरलेले, वातानुकूलित खोली त्यांस सोसत नाही, सबब तपासणीची बैठक आपल्या त्या घनदाट सावलीतच भरवावी.

खलिता वाचून थोरले सरकार खिडकीपाशी गेले आणि बाहेर पाहिले. बाहेर ऊन होते. त्यांनी पुन्हा चित्र पाहिले आणि पुन्हा बाहेर पाहिले, जणू दोहोंतून एक निवडावयाचे होते. मग तमाम सरदारांस बोलावणे धाडिले आणि दरवाजे लावून मसलत बसली.

मसलतीत एक पंडित बोलले की झाडांस रोग पडून ती गेली ऐसे कळवावे. त्यावर दुसरे बोलले की मग झाडांची निगा या सदरातील गुण जातील. तिसऱ्यांनी सुचविले की समितीस शेजारच्या महाविद्यालयाच्या बागेत बसवावे, परंतु त्यांशी पाच पिढ्यांचे नसले तरी पाच परिषदांचे वैर होते. रंगराव म्हणाले, "सर, मोठ्या पडद्यावर लावू या ना तेच चित्र, मागे. लाइटिंग मी करतो." त्यांस खाली बसविण्यात आले. शेवटी थोरल्या सरकारांचे फर्मान सुटले की समारंभांस शोभेची झाडे भाड्याने देणारा जो व्यापारी, त्याजकडून उंच उंच कुंड्या आणवाव्यात, अंगणी मांडाव्यात, आणि समिती गेली की परत धाडाव्यात. येणेकरून लाज राहील आणि जागाही रिकामी राहील.

सावलीबाई आजवर मसलतींत बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. त्यांनी अर्ज गुजारिला की समितीचे अध्यक्ष आपल्याच विद्येचे, कुंड्या पाहताच ओळखतील. सबब खड्डे खणावेत, कुंड्या त्यांत पुराव्यात, म्हणजे झाडे जमिनीतून आल्यासारखी दिसतील. थोरल्या सरकारांनी संशयाने पुसिले की खड्डे मागाहून बुजतील ना? बाईंनी मान हालविली. मान हालविणे म्हणजे होकार नव्हे, ऐसे त्यांचे म्हणणे पुढे पडले. सरकारांनी खड्ड्यांस रुकार दिला. कुंड्या कोणाच्याही असोत, खड्डा खणला की एकात आपले झाड, हा बाईंचा मनसुबा होता आणि तो त्यांनी कोणास कळू दिला नाही.

मग कुदळी, फावडी, पाट्या जमा करून शागिर्दांची फौज अंगणी उतरली. थोरले सरकार सज्ज्यात उभे राहिले आणि रंगराव चित्रीकरणास उभे राहिले. माळ्यास बोलाविले तर तो टपाल फार आले आहे ऐसे सांगून अंतर्धान पावला. बाईंनी नकाशा पसरिला. त्या अंगणाच्या प्रत्येक नकाशावर खाली एक शेरा असे, की माती काळी, सुपीक, उत्तम निचऱ्याची. पहिल्या तुकडीच्या कोण्या शागिर्दाने तो लिहिला आणि तेव्हापासून तमाम तुकड्यांनी उतरविला. बाईंनी हात वर केला आणि पहिली कुदळ पडली.

कुदळ पडली ती ठणकन वर आली. दुसरी पडली, तीही वर आली. चार ठिकाणी घाव घातले आणि चारही ठिकाणी तोच आवाज. मग फरशा दूर करून पाहतात तो खाली सलग काँक्रीट. इमारत बांधिली तेव्हा ठेकेदाराने सामान ठेवण्यास ओतले होते आणि तैसेच टाकून गेला होता. काळी माती नाही, सुपीक माती नाही, मुळी मातीच नाही. इतक्या वर्षांत अंगण मोजिले सर्वांनी, खणून कोणी पाहिले नव्हते.

सावलीबाई मोडक्या बाकावर बसल्या. या शेऱ्यास त्यांनी स्वतः वर्षानुवर्षे गुण दिले होते, आणि कोणी शागिर्दाने तो न लिहिल्यास गुण कापिले होते. एका शागिर्दाने कधीकाळी तेथे 'माती तपासली नाही' ऐसे खरे लिहिले, त्यास त्यांनी नापास केले होते, हेही आठवले. त्यांस स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून अधिक भय वाटले की आता हे झाड या जन्मी लागत नाही. सज्ज्यातून सरकारांची आज्ञा आली की खड्डे राहू द्या, कुंड्या वरच मांडा. फौजेने कुदळी खाली ठेविल्या.

तेव्हा बाई उठल्या आणि अंगणात एकट्या फिरू लागल्या, खाली मान घालून. टाकी रोज भरून वाहते, ते पाणी एका नळीने कोपऱ्यात पडते, तेथे फरशीच्या सांधीत रानगवताचे चार तुरे उभे होते. सरकारांच्या हुकुमाने ते दर आठवड्यास उपटले जात आणि दर आठवड्यास पुन्हा येत. बाईंनी ते पाहिले आणि कुदळ मागितली. एक शागीर्द म्हणाली, "मॅडम, द्या इकडे, तुम्हाला नाही जमणार." बाई म्हणाल्या, "जमत नाही ते कळू तर दे." पदर खोचून त्यांनी घाव घातला. कुदळ आत गेली. काँक्रीट त्या कोपऱ्याच्या अलीकडेच संपले होते. खाली ओली, काळी माती निघाली, आणि मातीत एक गांडूळ निघाले, आणि बाईंस ऐसा आनंद जाहला जैसा परमुलुखात कोणी माहेरचे माणूस भेटल्याचा होतो.

दुसरे दिवशी बाईंनी रोपवाटिकेतून शिरीषाचे रोप आणिले, खांद्याइतके उंच. रिक्षात मांडीवर घेऊन आणिले. खड्ड्याचा तळ सैल केला, कडा खरवडल्या, शेणखत घातले, सारे शास्त्राप्रमाणे. मग रोप उचलून खड्ड्यात ठेविले आणि माती लोटण्यास हात घातला, तो मागून फौज एकमुखाने ओरडली, "मॅडम, पिशवी!" रोपाची काळी पिशवी काढावयाची राहिली होती. या चुकीस परीक्षेत दोन गुण जात. बाईंनी पिशवी फाडिली, मुळे मोकळी केली, रोप लाविले, माती दाबिली, आळे केले, काठी रोविली. नखांत माती शिरली ती त्यांनी धुतली नाही. घरी यजमानांनी ते हात पाहिले आणि निमूट त्यांच्या ताटात पोळी वाढिली.

परंतु मोहीम सरली नव्हती. सरकारांनी सज्ज्यातून रोप पाहिले आणि बाईंस बोलावून हुकूम केला की समितीपुरते राहू द्या, समितीची पाठ फिरताच हे उपटून फरशी बसवावी. पुढल्या तुकडीस जागा मोकळी लागेल, शिवाय आपला निबंध नव्याने छापावयास गेला आहे. सबब बाईंच्या झाडास समिती असेतो आयुष्य होते.

तपासणीचा दिवस उगवला. व्यापाऱ्याचे कुंड्यांचे दोन टेंपो आले. उतरवून पाहतात तो निम्मे ताड प्लास्टिकचे. व्यापाऱ्याने सांगून धाडिले की मोठे समारंभ आहेत, खरी झाडे तिकडे गेली. मग प्लास्टिकचे ताड मागे, खरे पुढे, ऐसी फौज उभी केली. हिरवे पुष्कळ जाहले, परंतु सावली म्हणाल तर कोंबडीचे पिलू झाकेल इतकी नाही. अध्यक्षांच्या मस्तकी केसांचा कडकडीत दुष्काळ होता. ऐशा मस्तकावर ते ऊन पडले तर श्रेणी कोणती मिळेल, या विचाराने सरकारांस घाम फुटला. तेव्हा सावलीबाईंनी निरोप धाडिला की खुर्च्या आम्ही सांगू तेथे मांडाव्यात, आणि आम्ही खूण करू तेव्हा सर्वांस उभे करावे, मग ते काही का निमित्त असेना.

हयातभराचे संशोधन त्या दिवशी रणी उतरले. टाकीची सावली किती वाजता कोठे असते हे त्या ठाण्यात एकट्या बाईंस ठाऊक होते. सकाळी खुर्च्या पश्चिमेच्या अंगास मांडिल्या, तेथे टाकीची गर्द सावली होती, आणि भोवताली ताड उभे, ऐसा देखावा की सावली ताडांचीच वाटावी. अध्यक्ष स्थानापन्न जाहले, बैठक सुरू जाहली, आणि सावली आपल्या गतीने सरकू लागली. ऊन अध्यक्षांच्या खांद्याशी आले तोच बाईंनी पदर सारखा केला. ती खूण. सरकार उठून म्हणाले, "आता आपण सर्वांनी उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करू या." सारे उभे राहिले, टाळ्या पडल्या, आणि पाठीमागे शागिर्दांनी खुर्च्या दोन हात पूर्वेस सरकविल्या. पुढे छायाचित्रासाठी उभे केले. मग चहासाठी उभे केले. मग दिवंगत माजी प्राचार्यांस श्रद्धांजली वाहण्यासाठी उभे केले, आणि हे माजी प्राचार्य जिवंत असून दुसऱ्या रांगेत बसले होते, तेही उभे राहिले. अध्यक्ष दर वेळी बसत तो सावलीत बसत. त्यांनी एकवार इतकेच म्हटले की आपल्या विभागात शिष्टाचार फार दिसतो.

बैठक आटोपली आणि अध्यक्ष एकटेच काठी टेकीत अंगण पाहण्यास निघाले. सरकार धावले, परंतु रंगरावांच्या पांढऱ्या पादत्राणांवर एक कुंडी कलंडली, त्या गोंधळात ते मागे राहिले. अध्यक्ष शिरीषाच्या आळ्यापाशी थबकले. तेथे सावलीबाई उभ्या होत्या. पुढील बोलणे दोघांतच जाहले, परंतु बखरकारास सर्व ऐकू येते.

अध्यक्ष म्हणाले, "हे खरं दिसतंय."

"खरंच आहे, सर."

"मातीत लावलंय?"

"मातीत."

"आणि बाकीचं सगळं परत जायचंय." काठी ताडांकडे करून अध्यक्ष म्हणाले, "अहो, आमच्या महाविद्यालयातही तपासणीला त्याच माणसाच्या कुंड्या येतात. तो कोपऱ्यातला ताड माझ्या ओळखीचा आहे. त्याचं खालचं पान माझ्याच हातून मोडलंय."

बाईंनी मान खाली घातली. मग अध्यक्षांनी वर टाकीकडे पाहिले. "सावली मात्र झकास होती. दर वेळी बसायला दोन पावलं जास्त चालावं लागत होतं. डोळ्यांना नाही कळलं तरी गुडघ्यांना कळतं हो. कुणाचं डोकं हे?"

"माझं."

"हं. आणि हे झाड? हेही उद्या काढणार?"

"काढायला सांगितलंय," बाई म्हणाल्या. "सर, तेवढं काढू देऊ नका. मी दुसरं काही मागत नाही."

अध्यक्ष काठी टेकीत परतले.

सायंकाळी निकाल जाहीर जाहला. विभागास सर्वोच्च श्रेणी मिळाली. यात कोणी नवल मानू नये. पुढल्याच महिन्यात अध्यक्षांच्या महाविद्यालयाची तपासणी होती, आणि तेथील समितीचे अध्यक्षपद थोरल्या सरकारांकडे होते. विद्येच्या प्रांतात न्याय ऐसाच चालतो, आणि दोन्ही पक्ष संतुष्ट असल्याने कोणाची तक्रार येत नाही. परंतु निकालाच्या शेवटी अध्यक्षांनी स्वहस्ते एक कलम घातले होते. ते ऐसे की, टाकीजवळील शिरीष वृक्ष जागचा हलवू नये, पुढील तपासणीत तो वाढलेला दिसावा, न दिसल्यास श्रेणी फेरविचारार्थ घ्यावी.

सरकारांनी ते कलम तीनदा वाचिले. श्रेणी गिळावी तर झाड गिळावे लागते, आणि झाड थुंकावे तर श्रेणी जाते. शेवटी त्यांनी दोन्ही गिळिले, आणि आठवड्याच्या आत 'रिकाम्या जागेतील एकाकी वृक्ष' ऐसा नवा निबंध रचून परदेशी धाडिला. त्यात वृक्ष लावण्याची कल्पना आपणांस कैसी सुचली याचे पान दीड पान वर्णन आहे. माळ्यास टपालावरून काढून झाडाच्या पाण्यावर नेमिले, तेव्हा त्याने प्रथम वैद्यकीय रजा घेतली. कुंड्या परत गेल्या. पुढल्या तुकडीस नव्या धड्यासाठी जागा शोधता शोधता सरकारांची नजर इमारतीच्या मागील अंगणाकडे गेली. तेही उजाड होते.

मग सावलीबाईंच्या निवृत्तीचा दिवस आला. सभा भरली. सरकार भाषणास उठले आणि बाईंच्या कार्याचा गौरव करून घटकाभर स्वतःविषयी बोलले. बाईंस शाल मिळाली, फुलांचा गुच्छ मिळाला, आणि कोण्या जुन्या तुकडीचे एक नंदनवन चौकटीत बसवून मिळाले. ते घेऊन त्या भर दुपारी अंगणात उतरल्या.

येणेप्रमाणे अंगण सर जाहले. आपल्याकडील हानी: कुदळीचे दांडे दोन, पांढरी पादत्राणे एक जोड, आणि शेऱ्यातील सुपीक माती समस्त. शत्रूकडील हानी काही नाही, त्यास बढती मिळाली. मुलूख हाती आला तो शिरीषाच्या फांदीखाली पडलेल्या सावलीइतका, आणि त्याची मोजणी खुद्द बाईंनी उभे राहून केली. त्यात त्यांचा उजवा पाय मावला. डावा उन्हात भाजत होता, परंतु बाई काही केल्या हलेनात.